व्रणवस्तूतील गाठ आणि मासिक पाळी : उदरभित्तीतील एंडोमेट्रिओसिसचे निदान व शस्त्रचिकित्सा

प्रास्ताविक

मुळशी तालुक्यात रुग्णसेवा करणाऱ्या वैद्यास 'टाक्याजवळ दुखते' ही तक्रार नवी नाही. पौड, पिरंगुट, माले, कोळवण या परिसरातील अनेक स्त्रिया प्रसूतीच्या वा कुटुंबनियोजनाच्या शस्त्रकर्मानंतर वर्ष-दोन वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, पोटावरील जुन्या छेदाकडे बोट दाखवून ही तक्रार सांगतात. पाण्याचे हंडे, लाकूडफाटा, पावसाळ्यातील भातलावणी ही कष्टाची कामे त्यांच्या पाचवीलाच पुजलेली असतात. त्यामुळे टाक्याला ओढ बसली असावी, असे त्यांना वाटते आणि आपल्यालाही. बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु काही थोड्या स्त्रियांमध्ये या वेदनेमागे निराळाच व्याधी असतो व तो वर्षानुवर्षे ओळखला जात नाही. गर्भाशयाच्या अंतःस्तराची ऊती उदरभित्तीत रुजून तेथे गाठ निर्माण होणे, असे त्याचे स्वरूप आहे.

हा व्याधी विरळ आहे, हे मान्य. सिझेरियन झालेल्या स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण निरनिराळ्या अहवालांत साधारणतः ०.०३ ते ०.४ टक्के, म्हणजे दहा हजारांत तीन ते चाळीस, असे दिलेले आढळते. परंतु सिझेरियनची संख्याच झपाट्याने वाढली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील एकूण प्रसूतींपैकी सिझेरियनचे प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होते. ते २०१५-१६ मध्ये १७.२ टक्के व २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के झाले. याच शेवटच्या पाहणीत महाराष्ट्राचा आकडा २५.४ टक्के आहे. छेद वाढले तशा छेदातील गाठीही वाढणार. आपल्यापैकी प्रत्येकाकडे आयुष्यात एखादी तरी अशी रुग्णा येईल, असे गृहीत धरूनच हा लेख लिहीत आहोत. तो लिहिण्याचे धारिष्ट्य आमच्या ज्ञानातून आलेले नाही, आमच्या हातून झालेल्या चुकीतून आलेले आहे.

रुग्णवृत्त

पुढील वृत्त रुग्णेच्या संमतीने देत आहोत; ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

तिशीच्या आतील एक विवाहित स्त्री पोटावरील छेदाजवळच्या गाठीसाठी आमच्याकडे आली. दोन्ही प्रसूती सिझेरियनने झालेल्या. दुसरीस तीन वर्षे उलटलेली. आडव्या छेदाच्या डाव्या टोकाशी सुपारीएवढी, कठीण, स्पर्शासह, खालच्या ऊतीशी घट्ट बसलेली गाठ हाताला लागत होती. त्वचेचा वर्ण प्राकृत होता. ज्वर नव्हता, स्राव नव्हता, खोकल्यावर गाठ फुगत नव्हती. आतील टाक्याच्या धाग्याभोवती ग्रंथी झाली असावी, असे निदान आम्ही केले. कांचनार गुग्गुळ पोटात व दशांग लेप बाहेरून, अशी योजना केली आणि ओझे उचलू नये असे सांगितले.

आठ दिवसांनी रुग्णा आली तेव्हा वेदना जवळजवळ नाहीशी झाली होती. आम्ही नोंदवहीत 'उपशय' असे लिहिले. पुढील महिन्यात वेदना पुन्हा सुरू झाली. आम्ही मात्रा वाढवली. पुन्हा आठवड्यात उपशय मिळाला. असे पाच महिने चालले. दर वेळी वेदना थांबत होती आणि दर वेळी गाठ किंचित मोठी लागत होती. 'वेदना कमी झाली, गाठही हळूहळू जाईल,' अशी समजूत आम्ही तिची घातली आणि स्वतःचीही.

आमच्या चिकित्सालयाशेजारील औषध दुकानाच्या मालकांनी एका संध्याकाळी सहज विषय काढला. ते म्हणाले, "डॉक्टर, त्या ताई दर महिन्याला ठरावीक दिवसांतच वेदनाशामक गोळ्यांची पट्टी नेतात. एरवी महिनाभर फिरकत नाहीत. तुमच्या कागदावर तर त्या गोळ्या दिसत नाहीत. हे पाळीचे दुखणे तर नसेल?"

पुढील भेटीत आम्ही तिला पाळीच्या तारखा विचारल्या. गाठीची वेदना पाळीच्या आदल्या दिवशी सुरू होत असे आणि पाळी संपल्यावर दोन-तीन दिवसांत थांबत असे. त्या दिवसांत गाठ फुगते, हेही तिला ठाऊक होते. हे आधी का सांगितले नाही, असे विचारताच ती म्हणाली, "पाळीत तर दुखतंच की, डॉक्टर. त्यात सांगण्यासारखं काय?"

तिने सांगितले नव्हते, हे खरे. पण आम्ही विचारलेही नव्हते. पाच उपशयांचा अर्थ तेव्हा उलगडला. पाळी संपत होती म्हणून वेदना थांबत होती आणि श्रेय आम्ही गुग्गुळाला देत होतो. रुग्णेस पुण्यातील शल्यचिकित्सकांकडे पाठवले. सोनोग्राफीत उदरभित्तीत सुमारे तीन सेंटिमीटर आकाराची, अनियमित कडांची घन गाठ आढळली, हर्निया नव्हता. शस्त्रकर्मात गाठ व तिला चिकटलेला स्नायुआवरणाचा तुकडा सलग काढण्यात आला. ऊतिपरीक्षणाने निदान निश्चित झाले. त्यानंतर दोन वर्षे आम्ही तिला पाहत आहोत. पाळीच्या दिवसांतील ती वेदना परत आलेली नाही.

संप्राप्ती

गर्भाशयाच्या अंतःस्तराशी मिळतीजुळती ऊती गर्भाशयाबाहेर आढळणे म्हणजे एंडोमेट्रिओसिस. ओटीपोटातील अवयवांवर ती मुख्यत्वे आढळते. पाळीच्या वेळी काही रक्त बीजवाहिन्यांमधून उलट दिशेने पोटात उतरते व त्यातील पेशी तेथे रुजतात, हा सिद्धांत जॉन सॅम्पसन यांनी १९२० च्या दशकात मांडला. व्रणवस्तूतील गाठीचे कारण त्याहून सरळ आहे. गर्भाशय उघडले असता तेथील पेशी हातमोजे, सुई, धागा वा पुसण्याच्या कापडाबरोबर छेदाच्या कडांवर येतात आणि छेद बंद होताना तेथेच राहतात. पुढे बीजग्रंथींच्या संप्रेरकांचे पोषण मिळून त्या वाढतात. गर्भाशयाचा अंतःस्तर दर महिन्यास जसा फुगतो व रक्त टाकतो, तसेच त्या करतात. गर्भाशयातील रक्तास बाहेर जाण्यास मार्ग असतो. उदरभित्तीतील रक्तास तो नसतो. म्हणून तेथे शोथ, वेदना व तंतूंचे जाळे निर्माण होते आणि गाठ कठीण होत जाते.

सिझेरियनखेरीज गर्भाशय काढण्याचे शस्त्रकर्म, नसबंदी, गर्भाशयातील अर्बुद काढणे व दुर्बिणीतून केलेले शस्त्रकर्म यांच्या छेदांतही हा व्याधी आढळतो. प्रसूतीच्या वेळी योनिमार्गाशी दिलेल्या छेदात तो क्वचित होतो. कोणतेही शस्त्रकर्म न झालेल्या स्त्रीच्या नाभीतही अशी गाठ होऊ शकते. व्हिलार यांनी १८८६ मध्ये तिचे वर्णन केल्यामुळे ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. पाळीच्या दिवसांत नाभीतून रक्तमिश्रित स्राव येणे, हे तिचे बोलके लक्षण होय.

लक्षणे

पूर्वी झालेले शस्त्रकर्म, छेदातील वा छेदालगतची गाठ आणि पाळीबरोबर वाढणारी वेदना ही त्रयी एकत्र आढळली तर निदान जवळजवळ हाती आले, असे समजावे. मात्र त्रयी अपूर्ण असली म्हणून हा व्याधी नाही, असे म्हणता येत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४४५ रुग्णांच्या एका आढाव्यात गाठ ९६ टक्के व वेदना ८७ टक्के रुग्णांत होती. परंतु लक्षणांचा पाळीशी संबंध केवळ ५७ टक्के रुग्णांत आढळला. शस्त्रकर्मापासून लक्षणे दिसेपर्यंतचा सरासरी काळ ३.६ वर्षे होता. यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. व्याधी जुना झाला की वेदना महिनाभर राहू लागते व पाळीशी असलेले नाते पुसट होते. म्हणून आज काय होते एवढेच न विचारता, 'सुरुवातीस कसे होते?' हेही विचारावे. दुसरे असे की, शस्त्रकर्मास फार वर्षे लोटली म्हणून त्याचा संबंध नाकारू नये.

काही परिस्थितींत पाळीचा पुरावा झाकला जातो. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस पाळी नसते. गर्भनिरोधक गोळ्या वा इंजेक्शन चालू असता वेदना दबलेली असते. याउलट गर्भाशय काढलेल्या पण बीजग्रंथी ठेवलेल्या स्त्रीस पाळी येत नाही, तरी बीजग्रंथींचे मासिक चक्र चालूच असते. तिच्या छेदातील गाठ दर महिन्यास दुखू शकते आणि 'पाळीच नाही, मग पाळीचा संबंध कसला?' असे म्हणून आपण फसतो. अशा रुग्णेस घरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर वेदनेच्या दिवसांना खूण करण्यास सांगावे. दोन-तीन महिन्यांच्या खुणा एकमेकांखाली येऊ लागल्या की उत्तर मिळते.

परीक्षण व सापेक्ष निदान

रुग्णेस प्रथम उभी व नंतर निजवून तपासावे. उभ्या स्थितीत खोकण्यास सांगून गाठीवर हात ठेवावा. धक्का जाणवला, गाठ वाढली वा निजल्यावर आत गेली, तर हर्नियाचा विचार करावा. नंतर उताण्या स्थितीत रुग्णेस डोके व खांदे किंचित उचलण्यास सांगावे. पोटाचे स्नायू ताठ झाल्यावरही गाठ तशीच हातास लागत असेल व वेदना कायम राहत वा वाढत असेल, तर विकृती उदरभित्तीत आहे. गाठ नाहीशी झाल्यासारखी वाटली, तर ती पोटाच्या आत आहे. या दोन साध्या परीक्षांना कोणतेही उपकरण लागत नाही.

टाक्याच्या धाग्याभोवतीची ग्रंथी बहुधा शस्त्रकर्मानंतर काही आठवडे वा महिन्यांत होते, तिला कधी तोंड फुटून धागा बाहेर येतो. विद्रधीत उष्ण स्पर्श, राग, ज्वर व पाकाची लक्षणे असतात. मेदोज ग्रंथी मृदू, सरकणारी व बहुधा वेदनारहित असते. व्रणवस्तूची अतिवृद्धी त्वचेतच दिसते व कंडू निर्माण करते. स्नायुआवरणातून उद्भवणारे डेस्मॉइड अर्बुद कठीण असते, तेही प्रसूतीनंतरच्या वयात आढळते व केवळ स्पर्शाने वेगळे करता येत नाही. मारक अर्बुदाची शक्यता विरळ असली तरी वेगाने वाढणाऱ्या गाठीत ती मनात ठेवावी. यांपैकी कोणत्याही गाठीचे पाळीशी नियमित नाते नसते. म्हणूनच एका प्रश्नाला एवढे मोल आहे.

पहिली चाचणी म्हणून सोनोग्राफी पुरेशी व सहज उपलब्ध आहे. मात्र चिठ्ठीवर नुसते 'पोटाची सोनोग्राफी' असे लिहिले तर आतील अवयव पाहिले जातात व अहवाल 'प्राकृत' येतो. 'छेदाजवळील उदरभित्तीतील गाठ. वरवरच्या ऊतींसाठीच्या प्रोबने पाहावी. हर्निया आहे का, स्नायुआवरणाशी संबंध किती?' असे स्पष्ट लिहावे. साधारणतः सभोवतालच्या मेदापेक्षा गडद, अनियमित कडांची, घन व आत रक्तप्रवाह दाखवणारी गाठ दिसते. गाठ मोठी, खोल वा पुन्हा उद्भवलेली असेल तर शल्यचिकित्सक एमआरआय सांगतात; त्यात जुन्या रक्ताच्या खुणा व गाठीची व्याप्ती समजते. निदान अनिश्चित असल्यास सुईने पेशी काढून तपासता येतात; पण हर्निया नाही याची खात्री झाल्याशिवाय गाठीत सुई घालणे धोक्याचे आहे. सुईच्या मार्गात पेशी रुजण्याची शंकाही काही तज्ज्ञ व्यक्त करतात. आपल्या चिकित्सालयात अशी गाठ टोचणे वा फोडणे सर्वथा टाळावे. सीए-१२५ ही रक्तचाचणी या गाठीच्या निदानास विशेष उपयोगी नाही. तिच्यावर रुग्णेचा पैसा खर्च करवू नये.

शस्त्रचिकित्सा

या व्याधीची निश्चित चिकित्सा छेदन हीच आहे. गाठ तिच्या सभोवतालच्या सुमारे एक सेंटिमीटर निरोगी ऊतीसह सलग काढतात. गाठ फोडली वा कुरतडून काढली तर मागे राहिलेल्या पेशी पुन्हा वाढतात. बऱ्याच रुग्णांत गाठ स्नायुआवरणास वा स्नायूस चिकटलेली असते. तेवढा भागही काढावा लागतो. उरलेली पोकळी लहान असेल तर टाके घालून जोडता येते. मोठी असेल वा ताण पडत असेल तर जाळी बसवतात. न बसवल्यास त्या जागी हर्निया होण्याचा धोका राहतो. म्हणूनच 'वरवरची गाठ, भूल देऊन पाच मिनिटांत काढू' अशा तयारीने हे शस्त्रकर्म हाती घेणे योग्य नाही.

लहान गाठ भूल दिल्यानंतर व स्नायू शिथिल झाल्यावर सापडेनाशी होते. म्हणून शस्त्रकर्मापूर्वी रुग्णा जागी असतानाच त्वचेवर खूण करून ठेवतात. आवश्यक तर सोनोग्राफीच्या साहाय्याने जागा निश्चित करतात. काढलेली प्रत्येक गाठ ऊतिपरीक्षणास पाठवलीच पाहिजे. त्यात अंतःस्तराच्या ग्रंथी, त्यांच्याभोवतीची आधारऊती व जुन्या रक्तस्रावातील लोहकण भरलेल्या पेशी दिसतात आणि विकृती कडेपर्यंत पोहोचली आहे का, तेही कळते. या व्याधीत मारक परिवर्तन अत्यंत विरळ, एक टक्क्याहून कमी आहे. तरी ते घडल्याची उदाहरणे आहेत व ऊतिपरीक्षणाविना ते कळणार नाही.

वर उल्लेखिलेल्या आढाव्यात छेदनानंतर पुनरुद्भवाचे प्रमाण ४.३ टक्के होते. संप्रेरकांची औषधे, म्हणजे गर्भनिरोधक गोळ्या, प्रोजेस्टेरॉन गटातील औषधे व बीजग्रंथींचे कार्य थांबवणारी इंजेक्शने, यांनी वेदना दबते. परंतु औषध थांबताच ती बहुधा परतते व गाठ सहसा जात नाही. शस्त्रकर्म लांबवणे भाग असेल वा ओटीपोटातही हा व्याधी असेल, तेव्हा त्यांचे स्थान स्त्रीरोगतज्ज्ञांनी ठरवावे. काही रुग्णांत ओटीपोटातील व्याधी सोबत असतो. म्हणून पाळीतील तीव्र कटिशूल, मैथुनवेदना, मलप्रवृत्तीच्या वेळी वेदना व वंध्यत्व यांची चौकशी आपणच करून पत्रात लिहावी.

प्रतिबंधाबाबत शल्यचिकित्सक काही दक्षता घेतात. गर्भाशय शिवण्याची सुई व धागा उदरभित्तीसाठी न वापरणे, गर्भाशय पुसलेले कापड बाजूस करणे, छेद बंद करण्यापूर्वी तो सलाइनने धुणे, या त्या होत. यांचा पुरावा मर्यादित आहे, परंतु त्यांत तोटा काहीच नाही.

आयुर्वेदीय विचार

हा व्याधी संहितांत जसाच्या तसा सांगितला आहे, असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. तथापि विचारास दिशा देणारे संदर्भ निश्चित आहेत. सुश्रुतांनी वातज, पित्तज, कफज, मेदोज व सिराज असे पाच ग्रंथी सांगितले. वाग्भटांनी उत्तरस्थानात नऊ मानले व त्यांत व्रणग्रंथीचा समावेश केला. पूर्ण न भरलेल्या अथवा नुकत्याच भरलेल्या व्रणात बाहेर न पडलेले दूषित रक्त वायू शुष्क करून त्याची गाठ बांधतो, असा त्या वर्णनाचा आशय आहे. अवरुद्ध रक्त व वायू यांची ही जोडी प्रस्तुत व्याधीच्या जवळ जाते. परंतु दाह व कंडू सांगणाऱ्या त्या वर्णनात ऋतुकालाशी संबंध सांगितलेला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. या गाठीस गुल्म म्हणणे मात्र सर्वस्वी चुकीचे होईल. गुल्माचे अधिष्ठान कोष्ठात आहे, ही गाठ भित्तीतील आहे.

चिकित्सेबाबत सुश्रुतांचे दोन निर्देश विशेष मननीय आहेत. चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात ते सांगतात की, मर्मस्थानी नसलेला व औषधांनी शमन न पावणारा ग्रंथी अपक्व असतानाच शस्त्राने काढावा. त्याच अध्यायात अर्बुदाविषयी इशारा आहे की, दोषाचा अंश मागे राहिल्यास ते शीघ्र पुन्हा उद्भवते. निरोगी कडेसह गाठ काढण्याचा आजचा नियम याच विचाराचा आहे. शमन होत नाही हे कळल्यावर शस्त्राकडे वळणे म्हणजे शास्त्र सोडणे नव्हे.

या अनुषंगाने उपशयाविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. जी वेदना स्वभावतःच चक्राने येते व जाते, तिच्या ऐन भरात दिलेले कोणतेही औषध आठवड्यात यशस्वी ठरते. म्हणून मासिक वेदनेत उपशय ठरवताना किमान तीन ऋतुचक्रे व गाठीचे प्रत्यक्ष माप, या दोहोंचा आधार घ्यावा. आम्ही गाठ मोजली असती तर पहिल्या दोन महिन्यांतच चूक उमगली असती. कांचनार गुग्गुळ वा अन्य कोणत्याही कल्पाने ही गाठ विरते, याचा विश्वसनीय पुरावा आम्हास आढळलेला नाही. लेप, अग्निकर्म, जलौकावचरण व गाठीवर मर्दन यांत काळ घालवू नये. शस्त्रकर्मानंतर अग्निरक्षण, मलावष्टंभ व कास यांचे निवारण आणि बलवर्धन ही आपली क्षेत्रे आहेत. कुंथणे व खोकणे टळले तर टाक्यांचेही रक्षण होते.

अधिकाराचा प्रश्न येथे उद्भवतो. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शल्य व शालाक्य विषयांतील पदव्युत्तर वैद्यांसाठी अनुक्रमे ३९ व १९ शस्त्रकर्मे निर्देशित केली. ती केवळ पदवीधरास लागू होत नाहीत. पदव्युत्तर शल्यतज्ज्ञांनीही स्नायुआवरण काढणे, जाळी बसवणे, भूलतज्ज्ञ व ऊतिपरीक्षण यांची सोय असेल तेथेच हे शस्त्रकर्म करावे, असे आमचे मत आहे.

रुग्णेस पाठवताना

पत्रात पूर्वीच्या शस्त्रकर्मांचे प्रकार व वर्षे, गाठ प्रथम केव्हा जाणवली, पाळीशी संबंध, गाठीचे माप व स्थान, खोकल्यावरील परीक्षा, दिलेली सर्व औषधे आणि पुढे अपत्य हवे आहे का, एवढे अवश्य लिहावे. आमच्या भागातील स्त्री घरचे काम अडेल या भीतीने शस्त्रकर्म टाळते. हा व्याधी बहुधा तातडीचा नसतो; त्यामुळे भातलावणी उरकल्यावरची तारीख घेण्यास हरकत नाही, पण तारीख घेतल्याशिवाय रुग्णेस सोडू नये. जड वजन किती काळ उचलायचे नाही हे शल्यचिकित्सकांकडून लिहून घ्यावे व ते घरातील वडीलधाऱ्यांस समजावून सांगावे. केवळ सुनेस सांगून ते पाळले जात नाही. खर्चाची अडचण असल्यास शासकीय योजनेचा लाभ मिळतो का, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच करावी.

औषध दुकानदारांसाठी

आमच्या रुग्णेचे निदान प्रथम सुचले ते एका औषध दुकानदारास, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. वैद्याकडे रुग्णा महिन्यातून एकदा येते. दुकानदार तिला येता-जाता पाहतो. दर महिन्यास ठरावीक दिवसांत वेदनाशामक नेणारी स्त्री दिसली तर 'हे दुखणे नेमके कोठे आहे, पोटावर शस्त्रकर्म झाले आहे का?' एवढे आदराने विचारावे व तिला तपासणीस पाठवावे. पाळीच्या वेदनेसाठी सर्रास नेले जाणारे मेफेनॅमिक ॲसिड हे औषध चिठ्ठीवरच द्यावयाचे आहे. त्यामुळे क्वचित अंगावर पुरळ, ज्वर व अंतर्गत अवयवांना इजा अशी गंभीर प्रतिक्रिया होऊ शकते, याविषयी भारतीय औषधसंहिता आयोगाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी सावधानतेची सूचना दिलेली आहे. तसेच 'गाठी विरघळवणारे' म्हणून कल्पांचे फलक दुकानात लावू नयेत. गर्भाशयाचे व पाळीचे विकार १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या यादीत आहेत. शिवाय अशा फलकाच्या भरवशावर एखादी स्त्री आणखी वर्ष घालवते, हे नुकसान कायद्याच्या दंडापेक्षा मोठे आहे.

उपसंहार

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी पहिल्या दोन आम्ही केल्या होत्या. तिसरी अर्धवट राहिली. पाळीविषयी विचारण्याचा संकोच वैद्यासही असतो आणि सांगण्याचा संकोच रुग्णेसही. त्या दोन संकोचांच्या मध्ये हा व्याधी वर्षानुवर्षे लपून राहतो. पोटावर जुना छेद असलेली कोणतीही स्त्री छेदाजवळील गाठ वा वेदना घेऊन आली की 'पाळीच्या दिवसांत हे वाढते का?' हा प्रश्न नाव व वय लिहिण्याइतक्याच सहजतेने विचारावा, अशी आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींस विनंती आहे. आमच्या रुग्णपत्रकावर आता तो प्रश्न छापलेला आहे. त्यासाठी एका स्त्रीस पाच महिने अधिक वेदना सोसाव्या लागल्या. वाचकांपैकी कोणाच्या रुग्णेस त्या सोसाव्या लागू नयेत, एवढाच या लेखाचा हेतू.